रुक्कूच्या नाकाचे चार फोटो

संशोधनासाठी माहिती गोळा करणे आणि किस्से गोळा होणे या दोन अगदी भिन्न क्रिया आहेत, हे मला मामाच्या स्टुडिओत कळले. माहिती मागावी लागते. किस्से आपण होऊन येतात, खुर्ची ओढून बसतात आणि आपण प्रश्नावली पुढे केली की उठून जातात!

मानसशास्त्राच्या एम. ए.साठी मी 'तरुणांचे स्वतःच्या छायाचित्राविषयीचे समाधान' असा विषय घेतला होता. माणसे कोठे मिळतील, असे गाइडबाईंनी विचारले तेव्हा मी सांगितले की माझ्या मामाचा कुंभकोणमला फोटो स्टुडिओ आहे. त्या खूश झाल्या. आठ महिन्यांनी मी त्यांच्यापुढे एक वही ठेवली. त्यांनी ती पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली, मध्ये तीनदा तोंडावर पदर धरला आणि म्हणाल्या, "भागीरथी, यातलं एकही वाक्य प्रबंधात घालता येणार नाही."

म्हणून ते येथे घालत आहे.

*

आधी माणसे सांगणे योग्य होईल. सुधींद्रमामा स्टुडिओचा मालक. निगेटिव्हवर बारीक पेन्सिल फिरवून मुरुमे घालवण्याच्या काळापासून तो हेच काम करतो. सेल्वी ही त्याची एडिटर; वय सव्वीस; माउस हातात असला की ती कोणालाही गोरे, उंच, सडपातळ आणि आनंदी करू शकते. आणि रुक्मिणी, म्हणजे रुक्कू, ही मामाची एकुलती एक मुलगी. ती एका कंपनीचे काम घरून, म्हणजे प्रत्यक्षात स्टुडिओच्या माडीवरून करते. घरात आम्ही आमची जुनी मराठी बोलतो आणि उंबऱ्याबाहेर तमिळ. त्यामुळे पुढची बरीच संभाषणे मुळात तमिळ आहेत. भाषांतराची जबाबदारी माझी.

रुक्कूला घराण्याचे नाक आहे. मध्यभागी एक स्पष्ट उंचवटा, आणि तेथून खाली वेगाने उतार. मामाचेही तसेच आहे. मामाला त्याचा अभिमान आहे. "साडेतीनशे वर्षं झाली हे नाक घेऊन आपले लोक या मुलुखात आले त्याला," तो म्हणतो. "भाषा बिघडली, पण नाक बिघडलं नाही!"

रुक्कूला शाळेत बारा वर्षे 'किळी' म्हणत. किळी म्हणजे पोपट.

या नाकाचे ऑपरेशन करून घ्यायचे, हा रुक्कूचा निश्चय होता. ते होऊ द्यायचे नाही, हा मामाचा. आठ महिने मी या दोन निश्चयांच्या मधल्या स्टुलावर बसले होते.

"गावातल्या सगळ्यांची नाकं तुम्ही सरळ केलीत," रुक्कू म्हणे, "माझंच एक राहिलं!"

"ते फोटोत, गे! नको वाटलं तर अनडू दाबायचं. ऑपरेशनला अनडू नसतं."

या वाक्यानंतर मामा नेहमी लेन्स पुसायला घेत असे.

*

पहिला किस्सा कार्तिकच्या लग्नाचा. आमच्याकडे लग्न म्हटले की मंडपाच्या दाराशी नवरानवरीचा भला मोठा फ्लेक्स लागतोच. कार्तिकच्या मित्रांनी सेल्वीला सांगितले, "अक्का, जरा ब्राइट करा." एकाने तिला सांगितले, मग दुसऱ्याने सांगितले, मग तिसऱ्याने, मग चौथ्याने. चौघांनी स्वतंत्रपणे सांगितल्यामुळे सेल्वीने चार वेळा ब्राइट केले.

त्याच इमारतीत त्याच सकाळी वरच्या मजल्यावर दुसरे लग्न होते. कार्तिकच्या नवरीची चुलत आत्या पट्टीश्वरमहून आली. तिने कार्तिकला आधी पाहिले नव्हते, आणि भाचीला पाहिले होते ते पाळण्यातच. दाराशी फ्लेक्स नीट न्याहाळला, खालच्या मांडवात डोकावली, तेथे त्या चेहऱ्याचे कोणी दिसले नाही, म्हणून सरळ वर गेली. वरचा नवरा जात्याच गोरा होता! आत्याने अक्षता टाकल्या, आणलेली पितळी समई त्या जोडप्याच्या हातात दिली, केळीच्या पानावर बसून व्यवस्थित जेवली आणि पान खात खाली उतरली. तेथे तिला आपला भाऊ भेटला.

समई परत मागायला कोण जाणार, यावर अर्धा तास चर्चा झाली. शेवटी आत्याच म्हणाली, "राहू दे. पायसम त्यांच्याकडचंच चांगलं होतं."

*

अरविंद नावाचा मुलगा स्पर्धा परीक्षेच्या अर्जासाठी फोटो काढून गेला. मामाने स्वतः बसून काम केले: गाल आत, हनुवटी बाहेर, नाक सरळ, कानांची उंची समान. परीक्षेच्या दिवशी दारावरच्या बाईंनी हॉल तिकीट पाहिले, अरविंदला पाहिले, पुन्हा हॉल तिकीट पाहिले आणि धाकट्या भावाला सांगावे तसे अतिशय सौम्यपणे म्हणाल्या, "तंबी, तू बाहेर थांब. ज्याची परीक्षा आहे त्याला पाठव."

आधार कार्ड, कॉलेजचे ओळखपत्र आणि फोनवर रडणारी आई, एवढ्या पुराव्यांनंतर त्याला आत सोडले. संध्याकाळी तो स्टुडिओत आला. "सार, मला माझ्यासारखा दिसणारा एक फोटो काढून द्या."

मामाने चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिले. "तसा आमच्याकडे निघत नाही, बाबा."

*

माझ्या प्रश्नावलीत 'आपल्या शरीराचा कोणता भाग बदलावा असे आपल्याला वाटते?' असा एक प्रश्न होता. एका इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्याने त्यापुढे लिहिले होते, 'माझ्या रूममेटचा चालेल का?'

*

सेल्वी स्वतःचा फोटो कधीच काढू देत नाही. एकदा मी तिला शास्त्रीय पद्धतीने, म्हणजे कोणताही कल सूचित न करता, कारण विचारले.

"हॉटेलातला कुक हॉटेलात जेवतो का?" ती म्हणाली.

याच सेल्वीने एका जिम ट्रेनरच्या पोटावर सिक्स पॅक बसवले होते. गडबडीत एक ओळ दोनदा पेस्ट झाली. मुलगा फोटो घ्यायला आला, बोटाने मोजले. आठ! सेल्वी घाईने म्हणाली, "थांब, दोन काढून देते." त्याने फोटो पटकन छातीशी धरला. "असू दे अक्का. मेहनत करून भरून काढतो."

*

आता गोविंदपुरमचा प्रसंग. कारण ऑपरेशनचा फॉर्म त्याच दिवशी भरला गेला.

तंजावरच्या एका मराठी कुटुंबाकडून रुक्कूसाठी विचारणा आली होती. त्यांना फोटो पाठवायचा होता. येथे हे सांगणे आवश्यक आहे की मामाने आपल्या मुलीच्या फोटोला तेवीस वर्षांत एकदाही हात लावलेला नाही. तीळ, मुरूम, उंचवटा, सारे जसेच्या तसे. सेल्वीलाही सक्त ताकीद होती. रुक्कूने पुष्कळ विनवले, तरी फोटो जसा होता तसाच गेला.

गोविंदपुरमच्या विठ्ठल मंदिरात सहज भेट झाली असे दाखवायचे ठरले होते. भजन चालू होते. मुलाची आई येऊन रुक्कूशेजारी बसली. तिने पर्समधून फोटो काढला, रुक्कूच्या चेहऱ्याशेजारी धरला, एकदा समोरून आणि एकदा बाजूने पाहिले, आणि टाळ थांबल्यावर सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "फोटोत दिसते तितकी काही वाईट नाही गे!"

मामाचा चेहरा उजळला. परतीच्या वाटेवर गाडीत तो आम्हाला समजावून सांगत होता, "बघितलंत? दुसऱ्यांच्या मुली बघायला गेलं की लोक निराश होतात. आपल्याकडे निराश व्हायची सोयच ठेवली नाही मी!"

रुक्कू खिडकीबाहेर पाहत होती. त्या लोकांचा होकार आला, हिने नकार कळवला. "ती बाई जन्मभर फोटो शेजारी धरून मला तपासेल," असे तिचे म्हणणे होते, आणि मला ते तर्कशुद्ध वाटले. त्याच संध्याकाळी तिने चेन्नईच्या एका क्लिनिकचा फॉर्म भरला. तक्रार: नाकावरील उंचवटा. पुढच्या महिन्यातल्या दुसऱ्या सोमवारची वेळ मिळाली.

दुसऱ्या दिवसापासून बापलेकीचे बोलणे सेल्वीमार्फत होऊ लागले.

"सेल्वी, अप्पांना सांग, मी सज्ञान आहे."

"सेल्वी, तिला सांग, नाक अज्ञान आहे. त्याला काय कळतंय त्याचं काय होणार ते!"

सेल्वी माउस न सोडता म्हणे, "सार, तुम्ही दोघं एकाच खोलीत आहात."

*

याच दिवसांत ते पाच नातू आले. आजोबा पंच्याऐंशी वर्षांचे होऊन वारले होते. आमच्याकडे अशा वेळी चौकात श्रद्धांजलीचा फ्लेक्स लावतात: मधोमध दिवंगताचा मोठा फोटो आणि खाली शोकाकुल नातेवाइकांचे छोटे फोटो. पाचही नातू विशीतले. पाचांचेही गॉगल घातलेले फोटो होते.

"अक्का, मला जरा बारीक करा." "माझी दाढी भरून टाका." "याच्यापेक्षा मी उंच दिसलो पाहिजे, मी थोरला आहे." सेल्वीने दुपारभर त्या पाच चेहऱ्यांवर काम केले. एकाने मागे सूर्यकिरण मागितले, तेही दिले. छोटे फोटो शोभत नाहीत, म्हणून मोठे केले. जागा पुरेना, म्हणून एक लेयर, म्हणजे चित्रातला एक थर, तात्पुरता बंद केला. फ्लेक्स छापला गेला, सूर्योदयापूर्वी चौकात लागलाही.

बंद केलेला लेयर आजोबांचा होता!

सकाळी गावाने पाहिले ते असे: वर 'अश्रुपूर्ण श्रद्धांजली', खाली पाच तरणीताठी मुले, गॉगल लावून हसत, मागे सूर्यकिरण. 'एकाच गाडीत होते म्हणे,' इथपर्यंत तपशील नऊ वाजेपर्यंत तयार झाला. तिरुनागेश्वरमहून मावश्या रडत निघाल्या. थोरल्या नातवाच्या घरी त्याच्या ऑफिसातले सहा जण हार घेऊन आले, आणि दार त्यानेच उघडले.

मामाने स्वतः जाऊन सर्वांची क्षमा मागितली आणि दुपारपर्यंत आजोबांसह नवा फ्लेक्स लावून दिला. सेल्वी दोन दिवस प्रत्येक फाइलचे लेयर दोनदा मोजत होती. तिसऱ्या दिवशी पाचांतला धाकटा आला. आम्हाला वाटले, भांडायला आला. त्याने पेनड्राइव्ह पुढे केला.

"अक्का, तो जुना फ्लेक्स डिलीट केला नाहीत ना? मला प्रोफाइलला लावायचाय. इतका चांगला मी आजवर कधी आलो नाही."

*

रुक्कूने हा प्रसंग लगेच पुराव्यात घेतला. "सेल्वी, अप्पांना सांग. लोकांना मेल्यावरसुद्धा चांगलं दिसायचं असतं. मी तर जिवंतपणी म्हणतेय."

मामा म्हणाला, "सेल्वी, तिला त्या बालाजीची गोष्ट सांग."

बालाजीची गोष्ट अशी. त्याचे केस फार लवकर गेले आणि त्यामुळे लग्न जमेना. तो कामानिमित्त म्हणून चेन्नईला गेला आणि काही महिन्यांनी डोकेभर केस घेऊन परत आला. मामाकडे फोटो काढला, पहिल्याच ठिकाणी होकार! साखरपुड्याच्या दिवशी, मुलीकडची मंडळी बसलेली असताना, त्याची आई आनंदाने म्हणाली, "कुलदेवाला मी बोलले होते. लग्न जमलं की बालाजीचे केस देईन म्हणून. उद्याच जाऊ."

बालाजीने कॉफीचा पेला खाली ठेवला. "अम्मा, माझेच का?"

"देवाने दिलेलं देवाला द्यायला कसली लाज?"

"अम्मा, हे देवाने नाही दिलं! डॉक्टरने दिलंय!"

मुलीचे मामा समोरच बसले होते. भारदस्त गृहस्थ, डोक्यावर पांढरी टोपी. ते सावकाश उठले, बालाजीजवळ आले, त्याच्या केसांकडे बराच वेळ निरखून पाहिले. साखरपुडा मोडला, असे प्रत्येकाला वाटले. त्यांनी खाली वाकून हळूच विचारले, "डॉक्टरचा नंबर आहे का?"

"हे तुम्ही मला समजवायला सांगितलंत की उत्तेजन द्यायला?" रुक्कूने थेट मामालाच विचारले. सेल्वीला मध्ये न घेता झालेले ते त्या महिन्यातले पहिले बोलणे होते.

मामा विचारात पडला. "शेवट विसरलो होतो मी," तो म्हणाला.

*

दुसरा सोमवार आठ दिवसांवर आला. क्लिनिकने आधी चार फोटो मागवले: समोरून, डावीकडून, उजवीकडून आणि हनुवटीखालून. कोणताही फिल्टर नको, कोणतेही एडिटिंग नको.

रुक्कू मोबाइल घेऊन माडीवर निघाली होती. मामा काउंटरवरून उठला.

"फोटो मी काढतो."

"तुम्ही?"

"माझी मुलगी दुसऱ्याच्या हातचे फोटो घेऊन चेन्नईला जाणार? लोक काय म्हणतील?" मग जरा थांबून, लाइट ओढत तो म्हणाला, "बैस. मान सरळ."

त्याने चार फोटो काढले. एरवी तो गिऱ्हाइकाला हसवतो. त्या दिवशी त्याने मान किती वळवायची तेवढेच सांगितले. डावीकडचा फोटो काढताना तो कॅमेऱ्यामागे जरा जास्तच वेळ थांबला. मग म्हणाला, "मीच पाठवतो. फाइल मोठी आहे," आणि संगणकाशी जाऊन बसला. रुक्कू त्याच्याकडे पाहतच राहिली. वर जाताना जिन्यावर ती मला म्हणाली, "भागी, अप्पा कबूल झाले वाटतं." तिच्या आवाजात विजय होता आणि थोडी भीतीही.

तिसऱ्या दिवशी क्लिनिकचा फोन आला. डॉक्टरबाई स्वतः बोलत होत्या. रुक्कूने फोन स्पीकरवर टाकून काउंटरवर ठेवला. मामा हिशेबाने दोन पावले दूर उभा राहिला.

"रुक्मिणी, फॉर्ममध्ये उंचवटा लिहिलाय. फोटोत उंचवटा नाही. तुमचं ऑपरेशन आधीच झालंय का?"

रुक्कूने स्वतःच्या नाकावरून बोट फिरवून पाहिले.

"झालं असेल तर लपवू नका, आम्हाला कळायला हवं. पण काम फार सुंदर आहे. हाडाची रेषा इतकी सरळ क्वचित बघायला मिळते. कोणी केलं?"

मामा पुढे आला. फोनवर वाकला. "मी."

"अच्छा! आपण कोठे असता, डॉक्टर?"

"कुंभकोणम्. बस स्टँडच्या मागे. पहिला मजला."

"किती वर्षं करताय?"

"एकतीस."

"एका केसला साधारण किती वेळ लागतो?"

"सेल्वी बसली तर दहा मिनिटं. लग्नाचा सीझन असेल तर पाच."

"आणि भूल?"

"गरज पडत नाही. पंख्याखाली बसवतो."

सेल्वी टेबलाखाली पडलेले काहीतरी शोधू लागली आणि बराच वेळ वर आली नाही. रुक्कूने संगणकाचा पडदा स्वतःकडे फिरवला आणि पाठवलेली मेल उघडली. डावीकडचा फोटो पडद्यावर आला. तीच रुक्कू, मुरूम तेथेच, तीळ तेथेच, आणि नाक पट्टीने आखल्यासारखे सरळ.

"अप्पा! हे काय केलंत?"

"हात चालला, गे," मामा तिच्याकडे न पाहता म्हणाला.

ती पडद्याजवळ गेली. मान एका बाजूला करून पाहिले, मग दुसऱ्या बाजूला. आठ महिन्यांत प्रथमच तिचा चेहरा रागावलेला नव्हता. ओळख पटत नसलेल्या पाहुण्याकडे पाहावे तसा होता.

"हे कुणाचं नाक लावलंत?"

"कुणाचं म्हणजे? सगळ्यांना लावतो तेच."

रुक्कूने हळूहळू मान वळवली. समोर शोकेस होती. त्यात चाळीसेक चेहरे: नवऱ्या, नवरे, पदवीधर, एक नगरसेवक, कान टोचलेली बाळे. ती एकेका नाकाशी थांबत शेवटपर्यंत गेली. अरविंद होता. कार्तिक होता, कार्तिकची बायकोही होती. मग ती परत आली. फोन अजून चालूच होता. डॉक्टरबाई "हॅलो, हॅलो" करत होत्या. तिने तो उचलून कानाला लावला.

"डॉक्टर," ती म्हणाली, "तुमच्याकडे दुसरं एखादं डिझाइन आहे का?"